स्लॅब आला आणि शाकारणी गेली

मार्च संपत आला की आपल्या वस्त्यांमधून रंगाच्या डब्यांची खरेदी सुरू होते. १४ एप्रिलच्या आत घर झाडून-पुसून रंगवायचे ही आपल्याकडची जुनी रीत. ज्याची ऐपत असेल तो ऑइलपेंट लावतो, नसेल तो चुन्यात नीळ टाकून हात फिरवतो. पण भिंती उजळल्याशिवाय जयंती घरात आल्यासारखी वाटत नाही. यात वाईट काहीच नाही. परंतु गेली काही वर्षे मला एक गोष्ट सारखी खटकते. या रंगाखाली आपण दरवर्षी एक डाग झाकतो आहोत. छताच्या कोपऱ्यातला, मागच्या पावसात उमटलेला, चहा सांडल्यासारखा पिवळट डाग. एप्रिलमध्ये तो झाकला जातो आणि जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुन्हा वर येतो, थोडा मोठा होऊन.

हे मी दुसऱ्यांचे पाहून सांगत नाही. आमच्याच घरात असा डाग आम्ही चार वर्षे झाकला.

आमची इमारत उपनगरातली, हाऊसिंग बोर्डाने १९७० च्या सुमारास बांधलेली. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर आठ याप्रमाणे ३२ बिऱ्हाडे. आम्ही सर्वात वरच्या मजल्यावर. सासरे गिरणीत होते, त्यांनी पोटाला चिमटा काढून हे दोन खोल्यांचे घर केले. २०१८ च्या जूनमध्ये स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात रुपयाएवढा डाग प्रथम सासूबाईंना दिसला. "अगं, वर ओल धरलीय बघ, कुणाला तरी दाखवा," असे त्यांनी मला दोनदा आणि आपल्या मुलाला चारदा सांगितले. मी दिवसभर ऑफिसात लिपिक, संध्याकाळी वस्तीतली कामे. कुणाचे रेशनकार्ड, कुणाच्या मुलाचा जातीचा दाखला. "आई, पाऊस सरला की बघू," म्हणून मी विषय टाळला. पाऊस सरला, ओल सुकली, डाग फिका पडला. एप्रिलमध्ये रंग काढला.

२०१९ च्या पावसाळ्यात डाग ताटाएवढा झाला. मग सोसायटीच्या कमिटीने एका ठेकेदाराला बोलावले. तो गच्चीवर पाच मिनिटे फिरला, "केमिकल मारतो, सात वर्षे बघायला नको," म्हणाला आणि घरटी ४०० रुपये याप्रमाणे १२,८०० रुपये घेऊन पांढरा द्राव फासून गेला. सात वर्षे सोडा, पुढचा पावसाळाही त्याने धड काढला नाही. २०२० ला टाळेबंदी. २०२१ ला निळी ताडपत्री अंथरून वर विटा ठेवल्या, ती वाऱ्याने फाटली. आणि मी काय केले, तर स्वयंपाकघरात पीओपीचे छत करून घेतले. म्हणजे डाग डोळ्यांआड! आज आठवले की स्वतःचाच राग येतो.

२०२२ च्या जुलैतली गोष्ट. रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. मुलगी त्या वर्षी दहावीला. बाहेरच्या खोलीत टीव्ही आणि आजी, म्हणून ती स्वयंपाकघरात चटई टाकून अभ्यासाला बसायची. कंपासपेटी आणायला ती बाहेर आली आणि मागे धाडकन आवाज झाला. पीओपीसकट छताचा तुकडा चटईवर, बरोबर ती बसली होती त्या जागी, आणि त्याखाली तिची भूमितीची वही. दुसऱ्या दिवशी खालच्या किराणा दुकानातल्या काट्यावर मी तो तुकडा मुद्दाम तोलून पाहिला. ११ किलो भरला. वर पाहिले तर सळ्या उघड्या पडल्या होत्या, आणि बोटाने खरवडल्या की गंजाचे पापुद्रे हातात येत होते.

गळते छत म्हणजे बादली ठेवण्याची कटकट, एवढेच आपण समजतो. खरा धोका बादलीत पडणाऱ्या पाण्याचा नाही, स्लॅबच्या आत राहून गेलेल्या पाण्याचा आहे. सिमेंट काँक्रीटच्या आत लोखंड सुरक्षित असते, कारण काँक्रीटचा गुण क्षारधर्मी, त्यात लोखंड गंजत नाही. पण वर्षानुवर्षे हवा आणि ओल आत शिरली की हा गुण कमी होत जातो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत तर लवकर. मग सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा खातो. स्लॅबच्या सळईखाली काँक्रीट असते जेमतेम पाऊण इंच. फुगणारी सळई ते पाऊण इंच खाली ढकलून देते. आधी सळईच्या रेषेत सरळ भेग, मग भेगेतून तपकिरी ओघळ, मग पोपडा, मग तुकडा. हे सगळे उन्हाळ्यात डाग सुकलेला असतानाही आत चालूच असते.

आमच्या आईवडिलांच्या पिढीला हे वेगळ्या रीतीने ठाऊक होते. गावाकडे कौलारू घर असेल तर दरवर्षी वैशाखात शाकारणी व्हायची. कौले उतरवायची, फुटकी बदलायची, रीप कुजली असेल तर नवी ठोकायची, वाशाला वाळवी लागली का ते टोचून पाहायचे. त्यासाठी कुणी तक्रार करायची वाट पाहत नसे. मग शहरात आलो, डोक्यावर स्लॅब आला आणि "आता आयुष्यभर बघायला नको" असे आपल्याला वाटले. स्लॅब आला आणि शाकारणी गेली.

असो. त्या रात्रीनंतर आम्ही पालिकेकडे नोंद असलेला एक स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठला. त्यांची फी २५,००० रुपये. घरटी ८०० रुपये काढले, २५,६०० जमले. वरचे ६०० शिडीच्या भाड्याला आणि झेरॉक्सला गेले. त्यांनी केलेली पाहणी मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत राहून पाहिली, ती इथे सविस्तर सांगते, म्हणजे आपल्याकडे कुणी "पाहणी केली" म्हणाला तर ती खरी की वरवरची ते आपल्याला कळेल.

आल्याबरोबर ते वर गेले नाहीत. आमच्या स्वयंपाकघरात बसले आणि सासूबाईंना विचारू लागले. पाणी पाऊस पडताक्षणी येते की दोन तासांनी? पाऊस थांबल्यावर किती वेळ ठिबकते? उन्हाळ्यात कधी ओल दिसते का? याचे कारण नंतर सांगितले. ओल बारा महिने असेल तर दोष बहुधा टाकीचा, नळाचा किंवा मोरीचा. फक्त पावसात असेल तर गच्चीचा किंवा बाहेरच्या भिंतीचा. घरात दिवसभर असणाऱ्या माणसालाच हे सांगता येते, म्हणून पाहणीच्या दिवशी आजीला देवदर्शनाला किंवा नातेवाइकांकडे पाठवू नका. आमच्या आईंना तर तारखा तोंडपाठ होत्या.

मग हातोडी घेऊन त्यांनी सगळ्या छतावर ठोकून पाहिले. चांगल्या काँक्रीटचा आवाज खणखणीत, सुटलेल्याचा बद्द, फुटक्या मडक्यासारखा. जिथे आवाज बद्द तिथे खडूने गोल. आमच्या स्वयंपाकघरात पाच गोल झाले, त्यांतले तीन पंख्याच्या बाजूला, जिथे डागाचा मागमूसही नव्हता. एका जागी थोडे काँक्रीट फोडून त्यावर त्यांनी एक औषध फवारले. काँक्रीट चांगले असेल तिथे ते गुलाबी होते. आमच्याकडे दीड इंच आतपर्यंत रंगच आला नाही.

त्यानंतर गच्ची. पाणी जायच्या चार तोंडांपैकी दोन पूर्ण बुजलेली. एकात प्लास्टिकच्या पिशव्या, दुसऱ्यात कबुतरांची घाण आणि माती. कठड्यात पिंपळाचे रोप, त्याची मुळे भेगेतून खाली उतरलेली. (हे रोप आम्ही दरवर्षी वरून कापत होतो, कापल्याने मूळ मरत नाही, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते.) डिश अँटेनाचे सात स्टँड थेट कोब्यात बोल्ट मारून बसवलेले. आमच्या कोपऱ्यातल्या डागाचे मूळ यातल्याच एका बोल्टाचे भोक निघाले, आणि ते डागाच्या वर नव्हते, नऊ फूट लांब होते! पाणी कोब्याखालून वाट काढत आमच्या कोपऱ्यात येत होते. म्हणजे ठेकेदाराने डागाच्या बरोबर वर पुन्हा पुन्हा केमिकल फासले ते अक्षरशः पाण्यात गेले.

सर्वात धक्कादायक गोष्ट शेवटी निघाली. गच्चीवर कोब्याचे दोन थर होते. जुना गळू लागला तेव्हा तो न काढता कुणीतरी त्यावरच दुसरा घातला होता. मी बी.कॉम., इंजिनिअर नव्हे, पण हिशेब मला येतो. दहा बाय दहाच्या खोलीवर साडेचार इंच विटांचा कोबा म्हणजे साधारण दोन टन वजन. तेवढे जास्तीचे वजन प्रत्येक खोलीच्या डोक्यावर होते. त्यात तोंडे बुजल्यामुळे तुंबणारे पाणी धरा. एक इंच पाणी दहा बाय दहावर साचले तर त्याचे वजन २३६ किलो. गंजलेल्या सळ्यांनी हे कुठवर पेलावे? म्हणून कुणी "कोब्यावर कोबा टाकू, स्वस्तात होईल" म्हणाला तर त्याला जिना दाखवा. गच्चीत पाणी साठवून गळती शोधण्याची चाचणी असते, तीही इंजिनिअरने स्लॅब पाहून हो म्हटल्याखेरीज करू देऊ नका.

अहवाल आठ दिवसांनी हातात आला. मुंबईत जुन्या इमारतींचे चार वर्ग करतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची किंवा काही भाग पाडायचा. सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. आम्ही सी-२बी मध्ये बसलो. इंजिनिअर म्हणाले, "ताई, २०१८ ला बोलावले असते तर तोंडे मोकळी करून, बोल्ट काढून, भेगा भरून भागले असते." आता जुने दोन्ही कोबे काढणे, सळ्या घासून त्यांना लेप देणे, जिथे सळई झिजली तिथे नवी जोडणे, छत पुन्हा भरणे आणि मग नवा कोबा, असे काम निघाले. खर्च ५,७६,००० रुपये, म्हणजे घरटी १८,०००.

इथे खरा तंटा सुरू झाला. सभेत तळमजल्याचे काका उभे राहिले आणि म्हणाले, "गळतंय तुमच्या घरात, पैसे आम्ही का द्यायचे?" त्यांचे अगदीच चुकीचे होते असे मी म्हणत नाही, निवृत्त माणूस, अठरा हजार कुठून आणणार? पण सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत स्पष्ट लिहिले आहे की पावसाच्या पाण्याची गळती, आणि गच्ची गळल्यामुळे वरच्या मजल्याच्या छताचे व गिलाव्याचे झालेले नुकसान, याची दुरुस्ती संस्थेने संस्थेच्या खर्चाने करायची. गच्ची सर्वांची, तिचे दुखणेही सर्वांचे. शिवाय मी त्यांना उल्हासनगरचे सांगितले. २८ मे २०२१ रोजी तिथल्या साई सिद्धी इमारतीत पाचव्या मजल्याचा स्लॅब कोसळला तो मधले मजले फोडत तळापर्यंत आला. सात माणसे गेली. कल्याणमध्ये २० मे २०२५ ला सप्तशृंगी इमारतीत पुन्हा तसेच झाले, सहा जण गेले; वर चौथ्या मजल्यावर फरशीचे काम चालू होते. (हे अर्थात आमच्या सभेनंतरचे, पण काका आता स्वतःच ते दुसऱ्यांना सांगतात.) शेवटी दहा हप्ते ठरले, महिना १,८०० रुपये. दोन घरांना तेही जमणारे नव्हते. एका घरी विधवा मावशी एकट्या, एका घरी कर्ता माणूस आजारी. त्यांचे हप्ते संस्थेच्या शिलकीतून भरून त्यांच्या नावे सवडीने फेडायचे लिहून घेतले. ऑक्टोबरला काम सुरू झाले, मार्चला संपले.

आता एक भीती, जी सभेत कुणी बोलत नाही पण जिन्यात सगळे बोलतात. "तपासणी केली आणि सी-१ निघाले तर? घर खाली करावे लागेल, आपण रस्त्यावर." आपल्या माणसांनी आयुष्याची कमाई घालून मिळवलेली जागा असते, ही भीती खोटी नाही. पण तपासणी टाळल्याने स्लॅब मजबूत होत नाही. डॉकयार्ड रोडला २७ सप्टेंबर २०१३ च्या पहाटे पालिका कर्मचारी राहत होते ती इमारत कोसळली, ६१ जण गेले. त्यांनाही जागा हवीच होती. पालिकेने कलम ३५४ खाली धोकादायक इमारतीची नोटीस दिली तरी आपला हक्क संपत नाही. रिकामी करण्यापूर्वी पालिकेने राहणाऱ्यांची यादी आणि प्रत्येकाच्या खोलीचे मोजमाप नोंदवून ठेवायचे असते. ती मागणी लेखी करा, प्रत घ्या, मगच किल्ली द्या. आणि मालकाचा अहवाल "पाडा" व रहिवाशांचा अहवाल "दुरुस्त होईल" असा उलटसुलट आला तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. म्हणून आपला स्वतःचा अहवाल असणे हेच मुळी संरक्षण आहे.

कायदाही तपासणीच्याच बाजूने आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब प्रमाणे ३० वर्षे झालेल्या इमारतीची तपासणी पालिकेकडे नोंदलेल्या इंजिनिअरकडून करून घेणे बंधनकारक आहे. राज्यातल्या इतर महानगरपालिकांनाही अशीच तरतूद लागू आहे. आदर्श उपविधीत तर १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर ३ वर्षांनी तपासणी सांगितली आहे. आपल्या सोसायटीची शेवटची केव्हा झाली, हे येत्या सर्वसाधारण सभेत विचारून बघा. बहुतेक ठिकाणी सेक्रेटरी खिडकीबाहेर पाहतील.

जे भाड्याच्या चाळीत राहतात त्यांच्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम १४ आहे. जागा नीट ठेवणे हे मालकाचे काम. त्याला लेखी नोटीस द्यायची. १५ दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून कापू शकतो, मात्र वर्षाला वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. पंचवीस-पन्नास रुपये भाड्याच्या चाळीत यातून एक पोते सिमेंटही येत नाही, हे मला कळते. पण त्या नोटिशीची पोच पुढे फार उपयोगी पडते. मुंबई शहर भागातल्या, ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या, उपकर भरणाऱ्या इमारती असतील तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या विभागीय कार्यालयात अर्ज करा; हे मंडळ दर पावसाळ्याआधी अशा इमारतींची पाहणी करते. पाहणीला माणूस येईल तेव्हा तो तुमच्याच जिन्याने वर चढेल याची खात्री करा!

लिपिक म्हणून एक गोष्ट सांगते. अर्ज नेहमी दोन प्रतींत. एक देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख. सोबत डागाचे फोटो, दरवर्षीचे असतील तर उत्तम. आम्ही चार वर्षे कमिटीला तोंडी सांगत होतो. कागदावर पाहिले तर आमची एकही तक्रार नव्हती.

पत्र्याचे छत असेल तर दोष बहुधा बोल्टच्या वायसरपाशी नाही तर दोन पत्र्यांच्या जोडापाशी असतो. सिमेंटच्या पत्र्यावर मात्र स्वतः चढू नका, दुसऱ्यालाही चढवू नका. तो पावलाखाली न कुरकुरता तुटतो. जुना सिमेंट पत्रा कापू-घासू नये, त्यातल्या ॲसबेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक आहे.

इंजिनिअर यायच्या आत काय करायचे? पंख्याच्या किंवा दिव्याच्या जोडातून पाणी ठिबकत असेल तर प्रथम मेन स्विच बंद. पावसात ओल्या भिंतीने झटका बसून माणसे जातात. फुगलेल्या भागाखालून खाट, पाळणा, अभ्यासाची जागा हलवा. रात्री शांततेत छतातून वाळू गळल्याचा आवाज येत असेल, स्लॅबला पोट आले असेल, किंवा नेहमीचे दार अचानक घासू लागले असेल, तर सकाळची वाट पाहू नका. माणसे बाहेर काढा आणि पालिकेला कळवा. मुंबईत आपत्कालीन क्रमांक १९१६ आहे. आणि "फुकट पाहणी करतो" म्हणणाऱ्या ठेकेदारापेक्षा फी घेऊन लेखी अहवाल देणारा इंजिनिअर शेवटी स्वस्त पडतो. जो पाहणी करील त्याच्याकडे दुरुस्तीचे काम देऊ नये, असे माझे मत आहे. पाहणाराच कमावणारा असला की दुखणे नेहमी मोठेच निघते.

आमच्याकडे आता मेच्या दुसऱ्या रविवारी गच्चीची शाकारणी असते. आम्ही तिला तोच शब्द ठेवला आहे. मुले तोंडे साफ करतात, अँटेनाचे स्टँड आता सिमेंटच्या ठोकळ्यांवर आहेत, ते तपासले जातात, तळमजल्याचे काका खुर्ची टाकून देखरेख करतात. मागच्या पावसाळ्यात सासूबाईंनी न्हाणीघराच्या भिंतीवर पुन्हा हातभर ओल दाखवली. या वेळी मी "आई, बघू" म्हटले नाही. तिसऱ्या दिवशी माणूस आला. वरच्या टाकीच्या नळाचा जोड सुटला होता. तो बदलायला ३४० रुपये लागले, पावती फाईलला लावून ठेवली आहे.